कॉफीचा ढीग

गुलबर्गा हे चहाचं गाव. कॉफी प्यायची तर उडुपी हॉटेलात जायचं, नाहीतर घरी कुणाचा उपवास असेल त्या दिवशी. आमच्या घरी कॉफी म्हणजे दूध, भरपूर साखर, चमचाभर तयार पावडर आणि वरून किसलेलं जायफळ. बीई होईपर्यंत मला कॉफीची तेवढीच चव ठाऊक होती. नोकरीसाठी बंगळूरला गेलो तेव्हा फिल्टर कॉफी कळली आणि पुढे कॉफीच्या बियांबद्दल वाचायचा नाद लागला. आमच्या टीममध्ये दोघे-तिघे असेच नादिष्ट निघाले, त्यामुळे तो वाढतच गेला.

गेल्या वर्षी न्यूजर्सीच्या आतेभावाचा फोन आला. "तू कर्नाटकात राहतोस, मग ती मांजराची कॉफी पाठव ना. इथं लोक फार कौतुकानं बोलतात."

ही मांजराची कॉफी म्हणजे इंडोनेशियातली कोपी लुवाक. उदमांजर कॉफीची पिकलेली लाल फळं खातं. गर पचतो, बिया तशाच विष्ठेतून बाहेर पडतात. त्या वेचून, धुऊन, वाळवून भाजतात. डच मळेवाले जावातल्या मजुरांना मळ्यातली कॉफी घेऊ देत नसत, म्हणून मजूर या बिया वेचू लागले, असं सांगतात. कोडगूतही अशी कॉफी आता तयार होते. रानातलं जनावर रात्री फिरून उत्तम तेवढीच फळं निवडून खातं, या गोष्टीला लोक पैसे देतात. पण एक उदमांजर रात्रीत खाऊन खाऊन किती खाणार? मागणी वाढली तशी इंडोनेशियात ही जनावरं पकडून पिंजऱ्यात घातली गेली आणि त्यांना नुसती कॉफीची फळं खायला घालू लागले. पिंजऱ्यात निवड कसली आली? पुढ्यात टाकलं ते खायचं. म्हणजे ज्या निवडीचे पैसे मोजायचे, तीच नाही. १९९१ च्या सुमारास टोनी वाइल्ड या इंग्रज कॉफी व्यापाऱ्यानं ही कॉफी युरोपात नेली. पुढे त्यानंच पिंजरे पाहून तिच्याविरुद्ध मोहीम काढली. पाकिटावर 'रानातली' असं छापलेलं असलं तरी ते खरं की खोटं, हे दुकानात उभं राहून कळायला मार्ग नाही. मी भावाला नाही म्हटलं आणि त्याऐवजी मॉन्सून्ड मलबार पाठवली.

तिची गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती आपल्या राज्यातली आणि आपल्या पावसाची आहे. पूर्वी मलबार किनाऱ्यावरून निघालेली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोचायला सहा-सहा महिने लागत. लाकडी जहाजांत समुद्राची दमट हवा लागून बिया फुगत, हिरव्याच्या पिवळट होत आणि त्यांचा आंबटपणा जाई. तिकडच्या लोकांना तीच चव म्हणजे हिंदुस्तानची कॉफी वाटू लागली. मग १८६९ ला सुएझ कालवा उघडला, प्रवास थोड्या आठवड्यांवर आला आणि ताजी हिरवी कॉफी पोचू लागली. गिऱ्हाईक म्हणालं, ही आमची कॉफी नव्हे! तेव्हा किनाऱ्यावरच जहाजातली हवा तयार करायची वेळ आली. मंगळूरकडच्या गोदामांत जून ते सप्टेंबर, बाजूनं उघड्या जागेत, चार ते सहा इंचांचा थर पसरतात, दाताळ्यानं पुन्हा पुन्हा उलथवतात, मग पोती सैल भरून अशी रचतात की मधून वारा खेळावा. बिया फुगून फिकट सोनेरी होतात. मी पाठवलेली पाव किलो सहाशे रुपयांना पडली. भावाचा निरोप आला: "छान आहे, पण लोकांना सांगायला मांजर नाही."

जगात विक्रमी भावानं गेलेली कॉफी मात्र मांजराचीही नाही आणि मॉन्सूनचीही नाही. ती पनामाची गेशा. हे वाण मूळ इथिओपियातलं. पनामात ते १९६० च्या दशकात आलं ते तांबेऱ्याला दाद देत नाही म्हणून. पण झाड उंच, फांद्या विरळ, पीक कमी. शेतकरी नाखूशच होते. एस्मेराल्दा नावाच्या मळ्यातल्या पीटरसन कुटुंबाला आपल्या कॉफीत मधूनच एक वेगळा, फुलासारखा वास यायचा. त्यांनी मळ्याच्या एकेका तुकड्याची फळं वेगळी तोडली, वेगळी वाळवली, वेगळी चाखली. आम्ही प्रोग्राममधला बग शोधताना एकेक भाग सुटा करून बघतो, अगदी तसं. उंचावरच्या एका तुकड्यात वास सापडला. २००४ च्या लिलावात त्यांना पौंडाला २१ डॉलर मिळाले, तेव्हा साधी अरेबिका एका डॉलरच्याही खाली होती. २०१९ ला पनामाच्याच दुसऱ्या मळ्याची गेशा पौंडाला १,०२९ डॉलरला गेली, म्हणजे किलोला दीड लाखाच्या वर. (मी चाखलेली नाही. कुणी पाजणार असेल तर नाही म्हणणार नाही.)

दिवाळीत आळंदच्या काकांना हे सगळं सांगत होतो. त्यांची तुरीची शेती. भाव ऐकून ते हसले आणि विचारलं, "मग आपल्या चिक्कमगळूरच्या शेतकऱ्याला का नाही मिळत असलं काही? कॉफी तर आपल्याकडं बाबाबुडनगिरीवर तीन-साडेतीनशे वर्षं झाली म्हणतोस."

म्हटलं, "काका, ती फार वर्षं ढिगात जात होती." १९४२ च्या कायद्यानंतर मळेवाल्यानं आपली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात घालायची आणि बोर्डानं विकायची, अशी रीत होती. युद्धकाळात बाजार कोसळला होता, त्यात या साठ्यानं शेतकऱ्याला तारलं, हे खरंच. पण सगळ्यांची कॉफी प्रतवारी करून एकत्र विकली गेली की कुठल्या डोंगराची, कुणाच्या मळ्याची, हे पुसलं जातं. १९९६ मध्ये पूर्ण मोकळीक मिळाली, तेव्हा कुठं मळ्यांची नावं पाकिटांवर दिसू लागली. २०१९ ला चिक्कमगळूर, बाबाबुडनगिरी, कोडगू या अरेबिकांना जीआय मिळाला. त्याच वर्षी आपल्या गुलबर्ग्याच्या तुरीलाही मिळाला.

"म्हणजे आमची तूर आडत्याकडं पडते तसंच की रे," काका म्हणाले. "मी तणनाशक न मारता काढलेली आणि शेजाऱ्यानं मारून काढलेली, दोन्ही एकाच ढिगात. जीआय ढिगाला मिळाला."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. दुर्मीळ वाण हवं, उंच डोंगर हवा, हे सगळं बरोबर. पण पीटरसननी वेगळं तोडलं नसतं, तर तो वास आजही ढिगातच राहिला असता. आणि वेगळं ठेवायचं म्हणजे वेगळी जागा, वेगळी मजुरी, आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबायची ताकद. ती लहान शेतकऱ्याकडं कुठून येणार?

तरी यंदा काकांनी चार पोती आडतीवर नेली नाहीत. चुलतभाऊ म्हणतो, पिशवीवर गावाचं नाव, शेताचा सर्व्हे नंबर आणि काढणीची तारीख घालू. काका म्हणतात, आधी घेणारा दाखवा. मंडळातल्या दोन घरांनी पाच-पाच किलो सांगून ठेवली आहे. डाळ अजून मिलमधून यायची आहे.