झेंडा आणि छत्री

आमचे आजोबा नागपुरात सरकारी कचेरीत कारकून होते. घर महालात, कचेरी सिव्हिल लाइन्समध्ये. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाच्या वेळी आपले आजोबा नागपुरातच होते, याचा आम्हां नातवंडांना कोण अभिमान! मी तर शाळेत त्यांना सरळ तुरुंगातच धाडले होते.

सत्याग्रहाची हकिकत साधी. पांढऱ्या, हिरव्या, तांबड्या पट्ट्यांचा चरख्याचा झेंडा मिरवणुकीने सिव्हिल लाइन्समध्ये नेण्यास सरकारने बंदी केली. १ मेपासून स्वयंसेवकांच्या तुकड्या निघू लागल्या आणि पकडल्या जाऊ लागल्या. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, विनोबा गेले. मग वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली. परप्रांतांतूनही माणसे येतच राहिली. अखेर १८ ऑगस्टला मिरवणूक झेंड्यासह सिव्हिल लाइन्समधून गेली.

एका दिवाळीत आकाशकंदील टांगता टांगता मी विचारले, "आजोबा, तुम्हाला किती महिन्यांची शिक्षा झाली होती?"

ते हसले नाहीत. "बाळ, ज्या रस्त्याने झेंडा नेला तर पोलीस धरीत, त्याच रस्त्याने मी रोज छत्री घेऊन कचेरीत जात होतो. मला कुणीच अडवले नाही." मग हळूच म्हणाले, "घरात खाणारी सात तोंडे होती रे."

मला फार राग आला. कितीतरी दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही. ते खोटे बोलले असते तर कोण पडताळायला जाणार होते, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आले नाही.

२६ जानेवारी २००२ पासून सामान्य माणसाला वर्षातल्या कुठल्याही दिवशी घरावर तिरंगा लावण्याची मोकळीक मिळाली. मीही गच्चीवर लावला. ना बंदी, ना पोलीस, ना शिक्षा! सूर्यास्ताला तो उतरवण्याचा तेव्हा नियम होता. संध्याकाळी मी आणि धाकटी लेक त्याची घडी घालीत होतो. तिने विचारले, "बाबा, पणजोबा झेंड्यासाठी तुरुंगात गेले होते ना?"

खोटे बोलायला इतकी सोयीची वेळ पुन्हा आली नसती.

"नाही ग," मी म्हणालो, "ते छत्री घेऊन कचेरीत जात होते. आणि त्यांनी ते मला स्वतः सांगितले होते."

तिने घडीचे टोक नीट जुळवले आणि झेंडा माझ्या हाती दिला.