ठोका मोजताना

कोंबडीच्या अंड्यात दुसऱ्या दिवशीच गर्भाचं हृदय धडधडू लागतं. ते काढून त्याच्या पेशी सुट्या केल्या आणि पोषक द्रवात ठेवल्या, तर त्या काचेच्या बशीच्या तळाला चिकटतात. मग एकटी पेशीसुद्धा आपल्या तालानं आकसू लागते. तिला मेंदूचा हुकूम लागत नाही, रक्तही लागत नाही. दोन पेशी वाढत वाढत एकमेकींना टेकल्या की थोड्या वेळात दोघींचा ठोका एक होतो. हृदय म्हणजे पंप, हे मुलांना शिकवण्याआधी हे दाखवायला हवं.

*

ठोका मोजायचा तर सूक्ष्मदर्शकातून व्हिडिओ घ्यायचा. धानाच्या बांधीवरून वारा गेला की एकही रोप जागा सोडत नाही, तरी लाट कुठून कुठे गेली ते दिसतं. संगणक तेच पाहतो. पेशी आकसली की तिच्या कडेचे ठिपके उजळतात किंवा काळवंडतात. एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत कोणता ठिपका कुठे आणि किती सरकला, याचा आलेख निघतो. पेशीत सुई खुपसावी लागत नाही, रंगही घालावा लागत नाही.

*

साध्या मोबाइलवर सेकंदाला 30 चित्रं. पेशी मिनिटाला 60 वेळा धडधडत असेल, तर एका ठोक्याला 30 चित्रं मिळतात. मोजणीला एवढी पुष्कळ झाली. पण आकसण्याची चढती बाजू सेकंदाच्या दहाव्या हिश्शात उरकली, तर तिच्या वाट्याला तीनच येतात. औषधानं ठोके कमी झाले, हे यावरून सांगता येईल. प्रत्येक ठोका रेंगाळू लागला, हे खात्रीनं सांगता येणार नाही. त्यासाठी सेकंदाला 100 किंवा त्याहून जास्त चित्रं घेणारा कॅमेरा हवा.

*

हा खटाटोप औषधांसाठी. टर्फेनाडिन हे ॲलर्जीवरचं औषध हृदयाचा ताल बिघडवतं म्हणून बाजारातून काढावं लागलं. शिन्या यामानाका यांनी 2007 मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींपासून मूलपेशी तयार केल्या. तशा मूलपेशींपासून आता धडधडणाऱ्या हृदयपेशी बनतात, आणि नवं औषध माणसाला देण्याआधी त्यांच्यावर पारखता येतं.

*

आपल्याकडे गडचिरोलीत मोजणीचा प्रश्न वेगळा होता. न्यूमोनिया झालेलं मूल भराभर श्वास घेतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला 60 किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत 50 किंवा जास्त श्वास म्हणजे धोका. पण गावातल्या सुईणींना तिथवर मोजता येत नव्हतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं सुईणींसाठी श्वासमापक केला: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत धोक्याच्या आकड्यावरचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया.

*

1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये गडचिरोलीचे आकडे छापून आले. गावातच निदान आणि उपचार मिळालेल्या भागात न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू हजारी 8.1, तुलनेच्या भागात 17.5.

*

प्रयोगशाळेत आणि झोपडीत शिस्त एकच. बाळ रडत किंवा दूध पीत असताना मोजायचं नाही. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करायची नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. पेशींचंही तसंच: टेबल हललं, द्रवात कचरा तरंगला तरी संगणकाला ठोका दिसतो. ताल छान दिसतो तेवढाच तुकडा निवडला तर औषध निर्दोष ठरवून मोकळं होता येतं. किती हालचालीला ठोका धरायचं, हे व्हिडिओ बघण्याआधी ठरलेलं असावं.

*

बाळाच्या छातीचा व्हिडिओ घेऊन श्वास मोजण्याचे प्रयोगही याच गणितावर चालतात. ते जरूर व्हावेत. पण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. तेव्हा नेटवर्कची वाट न बघता निकाल तिथेच, आशाताईच्या हातात मिळाला पाहिजे आणि औषध तिच्या पिशवीत असलं पाहिजे. सुईणींचे मणी उपयोगी पडले, कारण त्यांच्यामागे गावातच औषध होतं.