आधी खोली बघू

पणजीत राहायचं ते फोंतेन्हासमध्येच, हे मुलीनं पुण्यात बसून ठरवून टाकलं होतं. तिनं मोबाईलवर चार हॉटेलांची यादी पाठवली. चारही जुन्या घरांतली, चारही देखणी, भावातही उन्नीस-बीस. फोटो बघून तर कुठलं कुणाचं तेच कळेना. सगळीकडं तोच कोरीव पलंग, तीच लाल फरशी, तीच शिंपल्यांची खिडकी.

आमच्या बिदर जिल्ह्यातल्या औरादकडं लॉजवर उतरताना माणूस आधी खोली बघतो, मग पैशाचं बोलतो. नळाला पाणी आहे का, कडी नीट बसते का, पंखा किती कुरकुरतो, एवढं बघितल्यावरच रजिस्टरात नाव. पावसाळ्याचे दिवस होते, पर्यटक कमी. म्हटलं, बुकिंग नको, जाऊन बघू.

फोंतेन्हास अल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मोझांबिकहून पैसा कमावून परतलेल्या अंतोनियो जुआंव द सिकैरा या गोवेकराची इथं नारळाची बाग होती. पुढं 1843 मध्ये पणजी राजधानी झाली आणि सरकारी नोकरदारांनी इथं खेटून खेटून घरं बांधली. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगाच्या त्या भिंतींमागं आजही कुटुंबं राहतात. म्हणूनच काही दारांवर फोटो काढू नका, गोंगाट करू नका, अशा पाट्या दिसतात.

यादीतल्या एका घरात आधी रस्त्याकडची खोली दाखवली. उंच छत, लाकडी सज्जा, भरपूर उजेड. पण सज्ज्याच्या बरोबर खाली फोटो काढणाऱ्यांची झुंबड. मग त्याच घरातली मागची खोली दाखवली. भाडं तेवढंच, पण भिंती हातभर जाड आणि खिडकी एकच, तीही डोक्याच्या वर. बायको दारातच थांबली. हळूच म्हणाली, "अहो, ही तर कोठी दिसतीय. जवारीची पोती ठेवायची जागा."

तिथं ज्वारीऐवजी भात किंवा नारळ असतील, पण तिचा अंदाज मला पटला. वाड्यात वाढलेल्या माणसाला भिंती बघून घर वाचता येतं. पाहुणे कुठं बसत, म्हातारी माणसं कुठं निजत, धूर कुठनं निघे. नव्या हॉटेलात एका मजल्यावरच्या सगळ्या खोल्या सारख्याच. इथं एकाच घरातल्या दोन खोल्यांत जेवढा फरक, तेवढा दोन हॉटेलांतही नाही. चार हॉटेलांची तुलना करत बसलो होतो, ती फुकटच. निवडायची होती खोली.

यादीतली बाकीची हॉटेलंही बघितली. पंजिम इन मोठं, ऐसपैस व्हरांड्याचं, एकोणिसाव्या शतकातलं घर. पंजिम पीपल्समध्ये पूर्वी शाळा भरायची. पंजिम पौसादा मात्र मूळचं हिंदू कुटुंबाचं घर, मध्ये चौक. चौकात पाऊस पडत होता आणि भोवतीनं कोरडी ओसरी. बायकोनं चपला काढल्या आणि ओसरीवर बसली. मग मी काय बोलणार? चौकाकडं दार असलेली खोली मागितली.

रजिस्टरात गाव लिहिलं तेव्हा काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "बिदर कुठं आलं?" म्हटलं, बाबा, तुमच्या गोव्याचा कारभार एकेकाळी बिदरच्या सुलतानाच्या नावानं चालायचा. बहमनी वजीर महमूद गावाननं 1472 मध्ये गोवा जिंकला, आणि बिदरचा त्याचा मदरसाही त्याच सालचा. इथल्या घरांवर नावाच्या निळ्या फरशा बघता, तशा निळ्या-हिरव्या फरशा मदरशाच्या भिंतीवर अजून शिल्लक आहेत. पोरगं हसलं आणि किल्ली दिली.

आता औरादचं कुणी गोव्याला निघालं की हॉटेलचं नाव मी सांगत नाही. फोन करून तीन गोष्टी विचारा म्हणतो. खिडकी कुठल्या बाजूला, जिना किती उभा, आणि ही खोली पूर्वी कशाची होती? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर न अडखळता देणारा भेटला, तर तिथं खुशाल उतरावं.