ऋतुसंधी

आश्विनातले ऊन चावू लागले, की आजी लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवी; पानात मुगाचे वरण, पडवळ, आवळा येई. पावसाळ्यात साठलेले पित्त शरदात उसळते, हे आयुर्वेदाचे म्हणणे. वाग्भटाने ऋतुसंधीचे 14 दिवस सांगितले आहेत: सरत्या ऋतूचे 7, येणाऱ्याचे 7, जुने हळूहळू सोडावे, नवे हळूहळू धरावे. आजीने वाग्भट वाचला नव्हता. पण वसुबारसेपर्यंत चकलीला हात लावू देत नसे. केवढा जाच तो!

आता ती नव्वदीची आहे. कातडी कागदासारखी, उटण्याने सोलवटेल. म्हणून यंदा चतुर्दशीला नुसते तिळाचे तेल कोमट करून मी तिच्या पाठीला लावले. दोन दिवस ती पेजेवरच होती. तेल जिरता जिरता म्हणाली, "चकली कुरकुरीत झालीय का रे?"

मी कुस्करून दिली.