बाबांची बुलेट
करोलबागेत वाढलेल्या आम्हा भावंडांना बाबांच्या बुलेटची थरथर चांगलीच ओळखीची. इंजिनाला एकच सिलिंडर. वेग वाढला की हँडल, आरसे सगळं थरथरू लागायचं आणि बाबा आपसूक वेग कमी करायचे.

गेल्या हिवाळ्यात धाकट्या भावाने चार सिलिंडरची मोटारसायकल घेतली. निघण्यापूर्वी त्याने मला समजावलं, "ताई, दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात. मोठे धक्के तिथल्या तिथे मिटतात. उरते ती इंजिनाच्या फेऱ्यांच्या दुप्पट गतीची बारीक थरथर." १९६९ मध्ये होंडाची सीबी ७५० आली, ती याच सुखामुळे गाजली म्हणे!

नोएडाच्या एक्सप्रेसवेवर गाडी अगदी लोण्यासारखी चालली होती. तळपायांना काय त्या मुंग्या आल्या तेवढ्याच. असू साठाच्या आसपास, असं मला वाटलं. खांद्यावरून डोकावले तर आकडा ११०! मी त्याचा खांदा घट्ट दाबला. त्यालाही कळलं नव्हतं.

बुलेट बाबांना वेळीच सावध करायची. ही गाडी काहीच बोलत नाही. म्हणून आता मागे बसले, की आकड्यावर माझी नजर असते.