सतरा इंची चाके आणि सात माणसांची गाडी

हैदराबादेतल्या मराठी घरातली गाडी वर्षातले बहुतेक दिवस एकाच माणसाला वाहते. मियापूर ते गच्चीबावली आणि परत. मग एखाद्या शनिवारी पहाटे तिच्यात सात माणसे, चार बॅगा, पाण्याची कॅन आणि दशम्यांचा डबा भरला जातो आणि ती सोलापूर रस्त्याला लागते. कुणाला तुळजापूरचा कुळाचार असतो, कुणाकडे लातूरचे लग्न, कुणाची उमरग्याजवळ अजून थोडी शेती असते. गाडीला बाहेरून मोठी चाके लावायची की नाही, हे त्या शनिवारासाठी ठरवावे असे माझे मत आहे. आमच्या घरात ते एकमताने मंजूर झाले नाही, म्हणून हा लेख.

आमची गाडी अर्टिगा. टायर गुळगुळीत व्हायला आले होते, बदलायचे होतेच. धाकट्या दिराला पहिला बोनस मिळाला होता आणि त्याने जाहीर केले, "वहिनी, टायर माझ्याकडून. पण सतरा इंची काळ्या अलॉयवर." आमच्या अपार्टमेंटच्या तळघरात तशी एक गाडी उभी असते, आणि ती दिसते छान, यात वाद नाही. दिसण्याला मी कमी लेखत नाही. साडी घेताना आपण काठ बघतोच की.

पण साडीला भार उचलायचा नसतो. म्हणून मी आधी टायरवरचे आकडे वाचायला बसले. तुमच्यापैकी ज्यांना हे पाठ आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

आमच्या टायरच्या कडेला १८५/६५ आर१५ ८८ एच असे उमटवलेले आहे. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे कडेच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी. १५ हा रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच, जणू एका घरातल्या तीन पिढ्यांनी मिळून लिहिले आहे. ८८ हा भाराचा आकडा, त्याच्याकडे नंतर येते. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत चालणारा टायर. आपल्याला एवढा वेग लागत नाही, सोडून देऊ.

आता हिशेब. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२० मिलिमीटर. ही भिंत रिमच्या वर आणि खाली, म्हणजे दोनदा. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. बेरीज केली की आमच्या चाकाची पूर्ण उंची येते ६२१ मिलिमीटरच्या थोडी वर. दिराला हवा होता तो आकार २०५/४५ आर१७. त्याची भिंत ९२ मिलिमीटर, रिम ४३२, बेरीज ६१६. म्हणजे "मोठे" चाक मुळात मोठे नाहीच, उलट ५ मिलिमीटर कमीच आहे. मोठा होतो तो मधला धातू, आणि त्याच्यासाठी जागा सोडते ते रबर. अनेकांना वाटते की मोठ्या चाकाने गाडी जमिनीपासून उंच होते आणि स्पीडब्रेकरला पोट घासत नाही. या जोडीत तरी तसे काही होत नाही.

रबराने सोडलेली जागा किती? २८ मिलिमीटर, इंचापेक्षा जास्त. ही भिंत म्हणजे गाडीची पहिली स्प्रिंग. खालच्या खऱ्या स्प्रिंगपर्यंत धक्का पोहोचण्याआधी तिने आपला वाटा गिळलेला असतो. ती आखूड झाली की वळणावर गाडी कमी डोलते आणि स्टिअरिंगला लगेच ऐकते. हा फायदा खरा आहे आणि दिराने तो मला दोन वेळा ऐकवला. पण खड्ड्यात आखूड भिंतीचा टायर खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात चिमटला जातो. आतले धागे तुटतात आणि कडेला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. रिमचेही तसेच. स्टीलची रिम वाकते, अलॉयला तडा जाऊ शकतो. पावसाळ्यात इथल्या रस्त्यांवर पाणी साचले की खड्डा दिसत नाही, चाकाला आधी कळतो.

आमच्या सासूबाईंना मणक्याचा त्रास आहे. मधल्या रांगेत, खिडकीजवळ, पाठीला उशी लावून त्या बसतात. चाकांची चर्चा दोन दिवस ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, "मला आत बसून चाक दिसत नाही गं. मला फक्त खड्डा कळतो."

तरीही दुकानात जाऊन यावे असे ठरले. कोठीजवळ पुतलीबावलीच्या बाजूला गाड्यांच्या स्पेअर पार्टची दुकाने आहेत, ते सगळ्यांना माहीत आहे. सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा या भागांत वाढलेल्या आधीच्या पिढीला तर तो परिसर घरचाच. एका दुकानदाराने दिराकडे बघून हसून सांगितले, "सतरा डालो साब, गाडी एकदम खडी दिखती." मी विचारले, लोड इंडेक्स किती? "उसका क्या करते मॅडम, टायर तो टायर है." मी वाकून पाहिले. टायरवर ८४ होते.

लेखातली महत्त्वाची गोष्ट ही. भाराचा आकडा म्हणजे किलो नव्हे, तो एका ठरलेल्या तक्त्यातला क्रमांक आहे. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो उचलतो. ८४ म्हणजे ५०० किलो. चार आकड्यांचा फरक क्षुल्लक वाटतो, पण तो टायरमागे ६० किलो, चारांचे मिळून २४० किलो. म्हणजे तीन माणसे आणि त्यांचे सामान. शिवाय वजन चारही चाकांवर सारखे पडत नाही. तिसरी रांग भरली आणि तिच्या मागे बॅगा रचल्या की भार मागच्या चाकांकडे सरकतो. एकटा दीर ऑफिसला जातो तेव्हा ८४ कधीच कळणार नाही. कळेल ते एप्रिलच्या दुपारी, जहीराबादच्या पुढे, सात माणसे आत आणि रस्ता तापलेला असताना. जास्त भाराखाली टायरची भिंत जास्त मुडपते, मुडपण्यातून उष्णता होते, आणि हवा थोडी कमी असेल तर ती आणखी वाढते. टायर फुटतो असे आपण म्हणतो, पण बऱ्याचदा तो कितीतरी किलोमीटर आधीपासून आतून शिजत आलेला असतो.

त्याच आकारात एक्सएल नावाचा जास्त मजबूत बांधणीचा टायरही मिळतो. २०५/४५ आर१७ मध्ये तो ८८ चा असतो, म्हणजे कंपनीच्या टायरइतकाच. पण एक्सएल टायरला ते वजन उचलायला हवाही जास्त लागते. दारावरच्या स्टिकरवरची जुनीच हवा भरली तर एक्सएलचे पैसे दिले आणि एक्सएलची ताकद घेतलीच नाही, असे होते. आणि जास्त हवा, आखूड भिंत, सासूबाईंचा मणका. सतरा तिथेच बाद झाले. दीर एक दिवस कमी बोलला.

मग त्यानेच एक चांगला मुद्दा काढला. मारुतीने एक्सएल६ काढली ती अर्टिगाचीच बहीण. २०१९ मध्ये तिलाही १५ इंची चाकेच होती, आणि २०२२ मध्ये कंपनीने ती १६ इंची केली. मग आपणच का अडायचे? मी आकार पाहिला: १९५/६० आर१६. भिंत ११७ मिलिमीटर. कंपनीने रिम एक इंचाने वाढवली, पण रबर फक्त ३ मिलिमीटरने कमी केले. चाक दिसायला मोठे केले ते खरोखर मोठे करून, उशी कापून नव्हे. मला हे फार आवडले. पण त्या चाकाची पूर्ण उंची ६४० मिलिमीटर होते, आमच्यापेक्षा ३ टक्के जास्त. कंपनीला गाडी त्याप्रमाणे जुळवता येते. आपण नुसतेच चाक बदलले तर मीटरवर १०० दिसताना गाडी १०३ ने धावेल. आउटर रिंग रोडवर १२० ची मर्यादा आहे, तिथे मीटर १२० दाखवत असेल तेव्हा आपण १२४ च्या जवळ असू, आणि दंडाची चिठ्ठी मीटर बघून येत नाही. शिवाय गाडी भरल्यावर, पूर्ण वळणात, चाक आतल्या प्लॅस्टिकला घासेल की नाही याची हमी आपल्याला कोण देणार?

म्हणून मधला रस्ता शोधला: १९५/५५ आर१६. उंची ६२१ मिलिमीटर, जवळपास आधीइतकीच. भिंत १०७, म्हणजे १३ मिलिमीटर कमी. यातही दोन प्रकार मिळतात. साधा ८७ चा, ५४५ किलोचा, म्हणजे आमच्या मूळ टायरपेक्षा कमी. तो नको. दुसरा एक्सएल, ९१ चा, ६१५ किलोचा. तो घेतला. भार उचलण्यात कंपनीच्या टायरपेक्षा वरचढ असल्याने हवा थोडीच वाढवावी लागली, किती ते टायर कंपनीच्या तक्त्यावरून ठरवले. मला विचाराल तर मी १५ इंचीच ठेवली असती, आणि उरलेल्या पैशात तिसऱ्या रांगेच्या पट्ट्या नीट लागतात की नाही हे बघितले असते. पण घर एकट्या माझे नाही, आणि गाडी तर नाहीच.

ऑर्डर देण्याआधी कागदाचे काम केले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने मुळात दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळातल्या एका प्रकरणात तेच उचलून धरले. तेव्हा बाहेरचा व्यास बदलू नये, चाक बॉडीच्या बाहेर डोकावू नये आणि विमा कंपनीला लेखी कळवावे, हे मी कमीत कमी समजते. बाहेरून बसवलेल्या वस्तूंची विमापत्रात वेगळी नोंद करता येते, थोडा हप्ता वाढतो. ती नोंद हातात आल्यावरच आम्ही पैसे भरले. आमची वॉरंटी संपली होती. तुमची चालू असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा, उत्तर लेखी घ्या.

अलॉय निवडताना रंगाआधी तीन गोष्टी: बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचे माप, मधले भोक, आणि ऑफसेट, म्हणजे चाक आत किती आणि बाहेर किती बसते ते. मधले भोक हबपेक्षा मोठे असेल तर रिंग बसवून घ्यावी लागते, नाही तर वेगात स्टिअरिंग थरथरते. टायरवर चार आकडी तारीखही असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दोन वर्षे गोदामात पडलेला टायर "नवा" म्हणून देतात, तेव्हा चारही टायर वाकून बघा, एकच नव्हे.

नव्या चाकांवर पहिला मोठा प्रवास अर्थात तुळजापूरचा झाला. महामार्ग ६५ ने संगारेड्डी, सदाशिवपेट (पुण्याहून आलेल्या सुना इथे हमखास हसतात, एमआरएफचा टायर कारखाना याच गावी आहे), जहीराबाद, मग कर्नाटकातले हुमनाबाद, उमरगा आणि नळदुर्गवरून आत. आज या वाटेवर तीन राज्ये लागतात. १९५६ पर्यंत नळदुर्गपर्यंतचा हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता, म्हणून तर आपल्यापैकी कितीतरी घरांची मुळे याच रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला आहेत. सासूबाईंना फरक कळला का? कळला. "आधीपेक्षा थोडं कडक लागतंय," असे त्यांनी हुमनाबादला चहा घेताना सांगितले. दिराने तेव्हापासून नळदुर्गपर्यंत गाडी ऐंशीच्या वर नेली नाही, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला जवळजवळ थांबवली. हा परिणाम कुठल्याच टायरच्या तक्त्यात सापडणार नाही.

एक गोष्ट मात्र सगळे विसरतात. स्टेपनी आमची जुनीच, १५ इंची स्टीलची आहे. उंची जुळत असल्याने पंक्चर झाले तर सावकाश चालवत जवळच्या दुकानापर्यंत ती नेते. पण बाहेरच्या अलॉयचे नट वेगळ्या घडणीचे असू शकतात आणि ते जुन्या रिमवर नीट बसत नाहीत. आमचेही तसेच निघाले. म्हणून कंपनीचे जुने नट फेकायचे नाहीत, गाडीतच ठेवायचे. आमचे डिकीत, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आहेत, आणि डब्यावर सासूबाईंनी कागद चिकटवला आहे: "यात श्रीखंड नाही."