हवेची वाटणी

वैशाखांतील एका रात्रीं विजेनें अचानक रजा घेतली, आणि करंजाड्यांतील आमचें सारें कुटुंब गच्चीवर येऊन बसलें. खाडीवरून नित्य येणारा वारा त्या दिवशीं कोठें अडकून पडला होता कोण जाणे! सर्व मंडळी घाम पुशीत असतां आमच्या सहा वर्षांच्या नातवानें विचारलें, "आजोबा, हवा कां असते?"

प्रश्न लहान, परंतु आपल्या भाषेंतील 'कां' हा शब्द मोठा लबाड आहे. 'कशामुळें' आणि 'कशासाठीं' असे दोन प्रश्न तो एकाच पोटांत बाळगून असतो. पहिल्याचें उत्तर शास्त्रज्ञ देतात. दुसऱ्याचें ज्याच्या त्याच्या संसारावर अवलंबून असतें.

पहिल्याचा भार आमच्या पुतण्यानें उचलला. तो रसायनशास्त्र शिकलेला. पृथ्वीच्या पोटांतील वायु ज्वालामुखींच्या वाटे बाहेर पडले आणि पृथ्वीनें आपल्या ओढीनें ते धरून ठेवले. चंद्राच्या अंगीं तेवढी ओढ नाहीं, म्हणून तो बिचारा हवेवांचून राहिला. प्राणवायु तर प्रारंभीं जवळजवळ नव्हताच. सूक्ष्म नीलहरित जीवाणु सूर्यप्रकाशावर आपलें अन्न तयार करीत आणि नको असलेला प्राणवायु बाहेर टाकीत. सुमारें २४० कोटी वर्षांपूर्वीं तो हवेंत सांचूं लागला. आज शंभर भागांत तो २१ भाग आहे, आणि नत्रवायु ७८.

"म्हणजे आपण सारीं जंतूंच्या उष्ट्यावर जगतों म्हणा!" सोवळ्याच्या कडक आमच्या वहिनी उद्गारल्या.

मग 'कशासाठीं'ला ऊत आला. वहिनींच्या मतें हवा ही सुपांतील फोलपटें उडण्यासाठीं व कुरड्या वाळण्यासाठीं. आमच्या चिरंजीवांच्या मतें २०२५ च्या डिसेंबरांत सुरू झालेल्या शेजारच्या विमानतळावरून उडणारीं विमानें वर राहावींत यासाठीं. अन्नंभट्टानें 'तर्कसंग्रहा'त वायूला रूप नाहीं पण स्पर्श आहे असें सांगितलें आहे, हें आम्हीं ऐकवलें. तेव्हां दादा म्हणाले, "आज तर स्पर्शही नाहीं. मग वायु आहे याला पुरावा काय?" दादांनीं चाळीस वर्षें वकिली केली आहे. त्यांनींच शेवटीं निकाल दिला : "अविभक्त कुटुंबाची एक तरी मिळकत वाटणीवांचून राहावी म्हणून हवा आहे. घर, शेत, भांडीं वाटतां येतात. चार भावांनीं चार खोल्यांना कड्या लावल्या, तरी एकाचा उच्छ्वास दुसऱ्याचा श्वास होतोच!"

सर्वजण हंसले. आमच्या सौभाग्यवती मात्र हंसल्या नाहींत.

कारण आम्हांस ठाऊक होतें. २०२१ च्या एप्रिलांत आमच्या घरांत हवेचीही वाटणी झाली होती. कोपऱ्यांतील खोली त्यांची, बाकीचें घर आमचें. मध्यें बंद दार. उंबऱ्याशीं ताट ठेवून आम्ही मागें फिरत असूं. पुढें त्यांस एका रुग्णालयांत हलविलें, तेव्हां खाट मिळाली. प्राणवायु सकाळपर्यंत पुरेल कीं नाहीं, हें कोणी सांगेना.

त्याच दिवसांत, १९ एप्रिलला, आमच्या जवळच्या कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन पहिली प्राणवायूची आगगाडी विशाखापट्टणास निघाली. उंच टँकर घाटांतून जाईनात, म्हणून वसईवरून वळसा. अठराशे किलोमीटरांहून अधिक वाट. तेथील पोलादाच्या कारखान्यांत उणें १८३ अंशांपर्यंत थंड करून पातळ केलेला प्राणवायु भरून ती २३ ला नागपुरास व २४ ला नाशकास पोंचली. डोक्यावर प्राणवायूचा अफाट सागर, आणि आजारी फुप्फुसांना त्यांतला घोटभर घेतां येईना; तो गाळून, गोठवून, रुळांवरून आणावा लागला! त्या गाडींतील थेंबही पनवेलीस आला नाहीं. तरी ती कोठवर आली हें आम्ही रोज घरच्या माणसाची वाट पाहावी तसें पाहत होतों. २६ तारखेस गुजरातेंतील हाप्याहून तीन भरलेले टँकर कळंबोलीस उतरले, त्या रात्रीं आम्हांस प्रथम झोंप लागली.

आमच्या सौभाग्यवतींनीं नातवाला जवळ ओढलें. "बाळ, अकरा दिवस मी एकच काम करीत होतें. श्वास आंत, श्वास बाहेर. तेव्हां हवा कशासाठीं, हें मनांतही आलें नाहीं. माझ्याआधीं कोट्यवधि वर्षें ती होतीच. मी कशासाठीं, एवढेंच सारखें मनांत येई."

"मग कशासाठीं, आजी?"

"त्या वर्षाच्या कुरड्या घालायच्या राहिल्या होत्या ना!"

पुन्हां हंशा पिकला. वहिनींनीं मात्र पदरानें डोळे टिपले. इतक्यांत वीज आली, आणि मंडळी पंख्यांकडे धांवली. नातू तेथेंच बसून आपल्या वहीनें आजीला वारा घालीत राहिला. त्यांतला थोडासा आमच्याकडेही येत होता. दादांचें म्हणणें खरें. त्यासाठीं वाटणी मागावी लागली नाहीं.